घरातले ज्येष्ठ पडू नयेत म्हणून: सुरुवात कुठून करायची आणि काय काय तपासायचं

पडलेल्या माणसाला कारण विचारलं की एकच उत्तर येतं, "पाय घसरला." घरचेही मान हलवतात आणि "आता वय झालं, जपून चाला" म्हणून विषय संपवतात. खरं पाहिलं तर पडण्यामागे एकच कारण क्वचितच असतं. झोपेची गोळी घेतलेली आहे, रात्री तीनला लघवीची घाई झाली आहे, दिवा लावलेला नाही, न्हाणीघराच्या दारातलं पायपुसणं ओलं आहे. या चार गोष्टी एका वेळी जमल्या की माणूस पडतो. यातली एखादी काढून टाकली तरी बहुतेक वेळा तो पडत नाही. म्हणून घाबरून सगळं घर पालटायची गरज नसते. कुठल्या गोष्टी एकत्र येत आहेत ते शोधायचं आणि सोप्यात सोपी आधी काढायची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. तरीही रक्तदाब आणि साखर नेमाने तपासणाऱ्या घरात तोल कधी तपासलेला नसतो.

हाताशी काय ठेवायचं

- मोजायची टेप आणि पेन्सिल
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच
- हात नसलेली, पक्क्या पायांची खुर्ची, बैठक जमिनीपासून साधारण १७ इंच
- दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल बीपी मशीन
- घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि "कधीमधी घेतो" त्यासुद्धा
- एक वही

१. आधी विचारा, पण नीट विचारा

"पडलात का कधी?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येणार. पडल्याचं कळलं की बाहेर जाणं बंद होईल, गच्चीवर जाऊ देणार नाहीत, मुलगा ओरडेल, अशी भीती असते. तोल गेला पण भिंतीला धरलं, हे तर त्यांच्या हिशोबात पडणंच नसतं. म्हणून हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा:

- गेल्या वर्षभरात घसरलात, अडखळलात, खाली टेकावं लागलं, असं काही झालं का?
- उभं राहताना किंवा चालताना डगमगल्यासारखं वाटतं का?
- पडण्याची भीती वाटते का?

एकालाही "हो" आलं तर पुढच्या पायऱ्या टाळू नका. "हो" आलं नाही तरी दोन दिवस नुसतं पाहा. चालताना टेबल, फ्रिज, दाराची चौकट असा हात फिरत जातो का? वळताना चार-पाच छोटी पावलं टाकावी लागतात का? रोजची मंडई किंवा देवळात जाणं हळूहळू बंद झालंय का? भीतीपोटी हालचाल कमी करणं हा सर्वांत फसवा सापळा आहे. बसून राहिल्याने मांड्यांची ताकद जाते आणि त्यामुळे पडण्याची शक्यता वाढते.

२. घरी करायच्या चार चाचण्या

चाचणी करताना तुम्ही शेजारी, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर उभे राहा. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे मागे सरकणार नाही. पहिल्या दोन चाचण्या नेहमीच्या चपला किंवा बूट घालून करा.

*चालण्याची.* खुर्चीत बसवा. समोर ३ मीटरवर जमिनीला चिकटपट्टी लावा. "चला" म्हटल्यावर उठायचं, नेहमीच्या वेगाने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. काठी वापरत असतील तर काठीसकट करू द्या.

*उठबस.* दोन्ही हात छातीवर आडवे, आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा होतं ते मोजा. यापेक्षा कमी झालं तर पाय अशक्त आहेत असं समजा: ६५–६९ वयाला पुरुष १२, बायका ११, ७०–७४ ला १२ आणि १०, ७५–७९ ला ११ आणि १०, ८०–८४ ला १० आणि ९. हाताचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर मोजणी शून्य धरायची. आकडे अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या तपासणी-पद्धतीतले आहेत.

*तोल.* ओट्याजवळ उभं करा. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, सरळ रेषेत. १० सेकंद आधाराशिवाय टिकलं नाही तर तोल कच्चा आहे.

*उठल्यावर पडणारं बीपी.* ही घरी कोणी करत नाही, आणि करायलाच हवी. ५ मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, किंवा अंधारी आली, तर ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बहुधा बसवूनच बीपी मोजतात, त्यामुळे ही घसरण तिथे दिसत नाही. बीपीची गोळी घेतल्यानंतर एक-दोन तासांनी मोजलं तर जास्त उपयोगी पडतं.

३. गोळ्यांची पिशवी

घरातल्या दुरुस्तीपेक्षा ही पायरी बरेचदा जास्त कामाची ठरते, आणि तिला खर्च फक्त एका डॉक्टरभेटीचा येतो. हृदयाचे डॉक्टर वेगळे, साखरेचे वेगळे, गुडघ्यांचे वेगळे, आणि सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारा कोणी नाही, अशी स्थिती बहुतेक घरांत असते. पिशवी घेऊन एकाच फॅमिली डॉक्टरांसमोर बसा आणि यांच्याबद्दल नाव घेऊन विचारा:

- झोपेच्या आणि "टेन्शनच्या" गोळ्या: अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम. यांची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते.
- प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, बीपीसाठी प्राझोसिन. उठल्यावर बीपी उतरवणाऱ्या.
- लघवी जास्त होण्याच्या गोळ्या. संध्याकाळी घेतल्या तर रात्रभर फेऱ्या. वेळ बदलता येते का ते विचारा.
- साखरेची ग्लिमेपिराइडसारखी गोळी. एकादशी-चतुर्थीला उपास आणि गोळी मात्र नेहमीची, असं झालं की साखर उतरते आणि माणूस देवघरासमोरच कोसळतो. उपासाच्या दिवशी डोस काय, हे आधीच लिहून घ्या.
- सर्दी-खोकल्याच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामाइन. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या असतात.
- चक्करची गोळी. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन ही औषधं थोड्या दिवसांसाठी असतात. महिनोन्‌महिने घेतली तर हालचाल मंदावते, अंग ताठरतं, पावलं छोटी पडतात, म्हणजे चक्कर थांबवायला घेतलेली गोळीच पाडू लागते.

चक्करबद्दल आणखी एक. कुशीवर वळताना किंवा वर पाहताना काही सेकंद सगळं गरगर फिरत असेल तर तो बहुधा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागातल्या बारीक कणांचा दोष असतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठरावीक पद्धतीने वळवून तो बरेचदा एक-दोन बैठकींत घालवतात.

सापळा: यादी वाचून स्वतःच गोळ्या बंद करणं. झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर त्रास होतो, त्या हळूहळू उतरवाव्या लागतात. बीपीची गोळी सोडली तर दुसरंच संकट.

४. रात्रीची वाट

संध्याकाळी दिवे घालवा आणि पलंगापासून संडासापर्यंत स्वतः चालून पाहा, शक्य तर चष्मा न लावता, ज्येष्ठांच्याच वेगाने. वाटेत काय आडवं येतं ते दिसेल: मोबाइल चार्जरची वायर, स्टूल, कडेने वळलेली सतरंजी, नातवाची गाडी.

पलंगाची उंची बघा. काठावर बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. सामान ठेवायच्या बॉक्सचे पलंग पुष्कळदा उंच असतात आणि बुटक्या बाईचे पाय लोंबकळतात. तिथे गादी पातळ करणं पलंग बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

दिव्याचं बटण झोपूनच हाताला लागायला हवं. नाही तर उशाशी टॉर्च, दोरीने पलंगाला बांधलेली, म्हणजे अंधारात खाली पडून हरवत नाही. पॅसेजमध्ये पायाच्या उंचीवर, जमिनीपासून फूटभर वर, एलईडी नाइट लॅम्प लावा. डोक्यावरचा झगझगीत ट्यूबलाइट एकदम लावला तर डोळे दिपतात आणि उंबरठा दिसत नाही. लाइट जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा सेन्सरचा दिवा बरा.

उठायची पद्धत रोजची करून घ्या: कुशीवर वळायचं, काठावर बसायचं, पाय लटकवून घोटे दहा-पंधरा वेळा वर-खाली करायचे, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं, उभं राहिल्यावर दहा आकडे मोजून मगच पाऊल. पुरुषांनी रात्री लघवी बसूनच करावी. उभ्याने लघवी करताना बीपी उतरून भोवळ येण्याचे प्रकार होतात.

फेऱ्या कमी करायच्या असतील तर पाणी तोडू नका. दिवसा भरपूर प्या, झोपायच्या आधीच्या दोन तासांत कमी. एकट्याला बरंच चालावं लागत असेल तर पलंगाशेजारी कमोड-खुर्ची किंवा युरिनल ठेवा. सुरुवातीला "शी, खोलीत?" म्हणतील.

५. न्हाणीघर आणि संडास

इथे पैसे खर्च करायचे असतील तर आधी आधाराच्या दांड्यांवर करा.

*दांडी कुठे.* कमोडच्या बाजूच्या भिंतीला, न्हाणीघराच्या दाराशी आत शिरताना हात जाईल तिथे, आणि अंघोळीच्या जागी. उंचीचा नेहमीचा ठोकताळा ३३ ते ३६ इंच आहे, पण तो जसाच्या तसा घेऊ नका. आईला कमोडवर बसवा, उठायला सांगा, हात आपसूक जिथे भिंतीला टेकतो तिथे पेन्सिलने खूण करा. त्या खुणेवर दांडी.

*कशी.* जाडी सव्वा ते दीड इंच, भिंतीपासून अंतर दीड इंच. अंतर जास्त असेल तर घसरलेला हात कोपरापर्यंत आत अडकतो. स्टीलची, शक्यतो पकड बसेल अशा खरबरीत पृष्ठभागाची. चकचकीत दांडी साबणाच्या हाताने निसटते.

*बसवताना.* प्लंबर म्हणेल, "दोन स्क्रू मारतो, झालं." तसं चालणार नाही. पक्क्या विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, हवेत. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांत साधी गिट्टी काही महिन्यांत सैल होते, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का चिकटवलेला बोल्ट, लागतो. जुन्या चाळींतल्या आणि फ्लॅटमधल्या चार इंची भिंतीला आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी सर्वांत सुरक्षित. गीझरचे पाइप भिंतीतून कुठून गेलेत ते आधी बघा, नाही तर ड्रिल थेट पाइपात. टाइलला भोक पाडताना हॅमर बंद ठेवायला सांगा, टाइल पार झाल्यावरच चालू, म्हणजे ती तडकत नाही. बसवून झाल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने दोन्ही हातांनी पूर्ण जोर लावून ओढून पाहायचं. हललं तर पैसे देऊ नका.

व्हॅक्यूमने टाइलला चिकटणारी हँडलं घेऊ नका. ती ऐन वेळी सुटतात. टॉवेलचा रॉड, नळ आणि भिंतीवरचं बेसिन हेही आधार नव्हेत. पडणारा माणूस मात्र नेमकं त्यांनाच धरतो, आणि बेसिन अंगावर येतं.

*अंघोळ.* प्लास्टिकचं हलकं स्टूल ओल्या फरशीवर पाय फाकवतं. रबरी टोकांची, हात असलेली खुर्ची घ्या. बादली दुसऱ्या चौरंगावर ठेवा, म्हणजे तांब्या बुडवायला वाकावं लागत नाही. फार कढत पाण्याने अंघोळ करून झटकन उठलं की भोवळ येते, त्यामुळे अंग पुसणं आणि निम्मे कपडे घालणं बसूनच. दिवाळीत तेल आणि उटणं लावलेलं अंग आणि तळवे खरबरीत पंचाने पुसल्याशिवाय उठू देऊ नका. अंघोळीनंतर फरशी साबणाने घासून घ्या, नाही तर तेलाचा थर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला पाडतो.

*संडास.* भारतीय पद्धतीच्या भांड्यावरून उठणं हे गुडघ्यांसाठी आणि बीपीसाठी सर्वांत अवघड काम. त्यावर ठेवायची कमोड-खुर्ची मिळते. घेताना चारही पायांची रबरं आणि पाय न डुगडुगणं बघा. कमोड ठेंगणा असेल तर उंचवटा देणारी सीट मिळते, पण ती स्क्रूने घट्ट बसणारी हवी. नुसती वर ठेवलेली सरकते.

*दार.* हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दार आत उघडत असेल आणि माणूस आत दाराला टेकून पडला, तर बाहेरून उघडताच येत नाही. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असं करा, आणि आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असं लॉक लावा.

६. बाकीचं घर आणि अंगण

सुटं पायपुसणं काढा, किंवा खालून रबर असलेलं ठेवा. उंबरठ्याच्या कडेला आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाची दोन इंची पट्टी मारा. जिन्याला कठडा दोन्ही बाजूंनी हवा. सोसायटीचा जिना असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून होत नाही. रोजचे डबे खांदा आणि कंबर यांच्या मधल्या उंचीवर. माळ्यावर चढणं, दसऱ्याआधी स्टुलावर उभं राहून जळमटं काढणं, पंखा पुसणं, ही कामं ज्येष्ठांकडून पूर्ण बंद. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर सांडलेली रांगोळी पायाखाली गोल फिरते, ती दारापासून बाजूला काढा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकून ताठ झाडूने घासा, आणि तुळशीपर्यंतची वाट तरी खरबरीत ठेवा.

७. डोळे आणि पाय

मोतीबिंदू "पिकू द्या" म्हणत थांबायचे दिवस गेले. दिसायला अडचण होत असेल तर शस्त्रक्रियेचं विचारा. दोन भागांच्या किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, म्हणून बाहेर चालताना फक्त लांबचा चष्मा वेगळा करून घ्या.

घरातही पादत्राण हवं: मागे पट्टा, पातळ पण पक्का तळ, तळाला नक्षी. झिजलेली रबरी स्लीपर आणि नुसते मोजे, दोन्ही बाद. गाऊन, लुंगी, परकर घोट्याच्या वर. मधुमेहात तळव्यांची जाणीव जाते, शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्व कमी असणंही सर्रास आढळतं. पाय बधिर वाटत असतील तर तपासून घ्या.

८. व्यायाम: याला पर्याय नाही

तोल आणि ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण पाव भागाने कमी होतं, हे बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसलं आहे. "मी रोज बागेत चालतो की" हे उत्तर पुरेसं नाही. नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही.

आठवड्यातून किमान तीन दिवस, ओट्याला धरून:

- खुर्चीतून उठबस, ५ पासून सुरू करून १० पर्यंत, दोन वेळा. उठायला जड जातंय तोवर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, मग उशी काढा.
- टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, १० वेळा. मग चवडे उचलून टाचांवर.
- एक पाय बाजूला उचलणं, कंबर न वाकवता, दोन्ही बाजूंनी १०.
- टाच-अंगठा रेषेत उभं राहणं, १० सेकंद.
- ओट्याच्या कडेकडेने टाच-अंगठा लावत दहा पावलं.

आधी दोन्ही हातांनी धरायचं, मग एका, मग दोन बोटांनी. थोडं डगमगल्याशिवाय तोल सुधारत नाही, पण पडू नये म्हणून ओटा हाताशी हवाच. छातीत दुखणं, दम, नवी चक्कर आली तर थांबा. तीन महिन्यांनी दुसऱ्या पायरीतल्या चाचण्या परत करून आकडे लिहा. आधीपासून फार डळमळीत असतील तर पहिले आठवडे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

९. काठी, वॉकर आणि सरकारी मदत

काठीची उंची: चप्पल घालून ताठ उभं राहावं, हात सैल सोडावा, मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण उलट धरतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला. वॉकर घेण्याआधी संडासाचं दार टेपने मोजा. वॉकर तिथेच अडकला तर तो बाहेर ठेवून आत चालत जातात.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत महाराष्ट्रातल्या ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि स्वयंघोषणापत्र तयार ठेवा, खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधी बँकेत विचारा. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत शिबिरांतून काठी, वॉकर वगैरे मिळतं. तिथली काठी घरी आणल्यावर उंची लावायला विसरू नका. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७.

१०. तरीही पडले तर

हात धरून ताडकन उचलू नका. आधी विचारा: कुठे दुखतंय, डोकं आपटलं का, पाय हलतोय का. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, किंवा उभं राहताच येत नसेल, तर खुब्याचं हाड मोडलं असावं. तेल चोळणं, हाडवैद्याकडे नेणं, "उद्या बघू" हे सगळं टाळून १०८ ला फोन करा. खुब्याची शस्त्रक्रिया शक्य तितकी लवकर, एक-दोन दिवसांत झालेली बरी.

फारसं लागलेलं नसेल तर त्यांना स्वतः उठू द्या: कुशीवर, मग गुडघे आणि तळहात टेकून, रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत, दोन्ही हात बैठकीवर, ताकदीचा पाय पुढे, जोर देऊन वळून बसायचं. हे आधीच गादीवर सराव करून ठेवा. एकटे राहत असतील तर फोन खिशात किंवा गळ्यातल्या पिशवीत हवा, ओट्यावर नको. उठता येत नसेल तर अंगावर काहीतरी ओढून घ्यायचं, हातपाय हलवत राहायचं, भांडं वाजवायचं.

साध्या पडण्याने मनगट, खुबा किंवा मणका मोडला तर हाडं ठिसूळ झाल्याची ती खूण आहे. प्लास्टर निघाल्यावर डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी आणि औषधांबद्दल विचारा, तिथेच थांबू नका.

डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काही त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, सीटी स्कॅन लागू शकतो. गोळी चालू नसली तरी पुढचे सहा आठवडे लक्ष ठेवा. वाढती डोकेदुखी, दिवसा झोप, बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा पाय ओढत चालणं हे हळूहळू सुरू झालं तर ते वयामुळे म्हणून सोडू नका. डोक्यात सावकाश साठत गेलेलं रक्त असू शकतं, आणि वेळेत कळलं तर ते काढता येतं. डॉक्टरांना महिन्याभरापूर्वीचं पडणं आठवणीने सांगा. पडलेला माणूस स्वतः सांगणार नाही.